कासवांचा एका दाराचा बंगला

"कासवाला कशाला हवंय घर? ते तर पाठीवरच घेऊन हिंडतं!" हे वाक्य मला पहिल्यांदा सुतारानं ऐकवलं, मग सोसायटीच्या सेक्रेटरीनं आणि मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी. तिघांनाही ते जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचलंय असं वाटत होतं. मी तिन्ही वेळा हसलो. माझ्या अंगात तेवढं सौजन्य आहे.

मी माणसांच्या घरांचे नकाशे तपासण्यात चौतीस वर्षं घालवली. जिन्याला उजेड नाही? नकाशा परत. स्वयंपाकघराची खिडकी दोन बोटं कमी? नकाशा परत. बिल्डर लोक मला मागे काय म्हणत ते मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. अशा माणसानं कासवांसाठी घर बांधायला काढलं तर ते रीतसर नकाशा काढूनच बांधणार. मी एकास दहाच्या प्रमाणात आराखडा काढला, पुढची बाजू, मागची बाजू, छेद, सगळं. सुतारानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "साहेब, भाड्यानं द्यायचंय का?"

कासवं माझी नव्हेत, हिची. म्हणजे माझ्या बायकोची. ती चार महिन्यांपूर्वी गेली. त्याबद्दल मी इथं जास्त काही लिहिणार नाही, कारण मला ते जमत नाही. घरात उरलो आम्ही तिघं. मी, ढब्बू आणि चिंगू. ढब्बू हे मोठं, आमच्या पोळपाटाएवढं. चिंगू त्याच्या निम्म्यानं. एकोणीस वर्षं हिनं ढब्बूला पुढच्या गॅलरीत ठेवलं आणि चिंगूला मागच्या मोरीशेजारी. मधे आमचं सगळं घर. एकोणीस वर्षं मी हिला चिडवत होतो, "अगं, नवराबायकोची अशी ताटातूट करतेस? तू काय खाष्ट सासू आहेस का?" ती काकडी चिरता चिरता म्हणायची, "तुम्हाला नाही कळायचं." बायको असं म्हणाली की तिच्याकडचे मुद्दे संपले, असा माझा समज होता.

ती दोघं नवराबायको आहेत हे कुणी ठरवलं? मीच. एक मोठं, एक छोटं. आणखी काय पुरावा हवा?

ही गेल्यावर पहिले काही दिवस मी ढब्बूला काकडी घालायचो, मग घर ओलांडून मागे चिंगूला घालायला जायचो. त्या दोन दारांमधल्या वाटेत एके दिवशी मला रडू फुटलं. म्हटलं, आपली जोडी तर मोडली, ती काही जुळायची नाही. निदान ह्या बिचाऱ्यांनी तरी एकत्र राहावं. जे मला मिळणार नव्हतं ते मी त्यांना देणार होतो. माझा हेतू चांगला होता, एवढं नोंदवून ठेवतो.

आणखी एक हेतू होता, तोही सांगून टाकतो. आम्हाला एकच मुलगी. ती तीन तासांच्या अंतरावरच्या शहरात असते. आई गेल्यानंतर महिन्याभरात ती नवऱ्याचं घर सोडून मैत्रिणीकडे राहायला गेली होती. मला काही समजेना. जावई मारझोड करत नाही, पीत नाही, वेळेवर घरी येतो. फोनवर ती म्हणाली, "बाबा, मला त्या घरात श्वास घ्यायला जागा नाही."

मी म्हटलं, "असं कसं म्हणतेस? नऊशे चौरस फुटांचं घर आहे. दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. नकाशा मी स्वतः पाहिलाय."

रेंज गेली असं वाटून मी बराच वेळ हॅलो हॅलो करत बसलो.

तेव्हा माझ्या मनात असं होतं की ढब्बू-चिंगूचा संसार मांडून दाखवायचा. पोरीला सांगायचं, बघ, मुकी जनावरं, पण एकोणीस वर्षांनी एकत्र आली तर कशी गुण्यागोविंदानं राहतात. माझ्या दृष्टीनं त्या बंगल्यावर पोरीचा संसार टांगलेला होता.

तर बंगला. पुढच्या गॅलरीत पाच फूट बाय तीन फूट जागा, चारी बाजूंनी फळ्या, वर अर्धं छप्पर, आत विटांचा ओटा, एका कोपऱ्यात पाण्याचं पसरट ताट, आणि झोपायला एक बंद खोली. त्या खोलीला एकच दार. सुतार म्हणाला, "साहेब, दोन करू का? दोघं आहेत, एक आडवं बसलं तर दुसऱ्याची पंचाईत."

मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "एका कुटुंबाला एकच दार असतं," मी म्हटलं. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

खाली पसरायला माती हवी. ती मी बागेतून सात पिशव्या भरून आणली. सातवी पिशवी जिन्यात फाटली. सेक्रेटरी नेमके तेव्हाच वर येत होते. त्यांचे बूट, त्यांची पँट आणि त्यांचा माझ्याबद्दलचा ग्रह, तिन्ही एकाच वेळी खराब झाली. दुसऱ्या दिवशी मी मातीवर पाणी शिंपडलं, ते फळीखालून झिरपून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर टपकलं. खालच्या बाईंनी चादर हातात धरून मला ती पुरी दहा मिनिटं दाखवली. मी डाग फार बारकाईनं पाहिला आणि म्हणालो की उतार चुकलेला दिसतोय. त्यांना हे उत्तर अपेक्षित नसावं.

अखेर गृहप्रवेश झाला. मी चिंगूला मागून उचलून आणलं. पाय आत, डोकं आत, नुसती वाटी. ढब्बूच्या पुढ्यात ठेवलं. ढब्बूनं मान लांब केली, एकटक पाहिलं आणि त्याच्या मानानं धावत म्हणावं अशा वेगानं तो तिच्याकडे गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकोणीस वर्षांचा विरह!

पहिल्याच दिवशी त्यानं तिला तीन धडका दिल्या. वरच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "लाडात आलाय." दुसऱ्या दिवशी तो तिच्या पाठीवर मान टाकून बसला. बाईंनी डोळे टिपले. त्यांनी शेजारच्या इमारतीतल्या एका भांडकुदळ जोडप्याला मुद्दाम बोलावून आणलं आणि बंगल्यापुढे उभं करून सांगितलं, "शिका काहीतरी!" ते दोघं शरमेनं खाली बघत राहिले. मी रोज फोटो काढायचो आणि पोरीला पाठवायचो. चिंगूच्या पाठीवर ढब्बू. तिला टेकून तो. दारात तो आणि आत ती. मी खाली लिहायचो, "जोडीत गोडी."

चौथ्या दिवशी पोरीचा फोन आला. "बाबा, एकाही फोटोत चिंगूचं तोंड दिसत नाही."

"लाजते ती," मी म्हटलं.

"एकोणीस वर्षांत कधी लाजलेलं पाहिलं नाही मी चिंगूला. आई हाक मारायची की मान वर करून बघायचं ते."

"अगं, तेव्हा ती एकटी होती. आता घर आहे, नवरा आहे. वागणं बदलतंच." आणि बोलता बोलता मी मुख्य विषयावर आलो. मी तिला चांगलं अर्धा तास सांगितलं. संसारात जागा मोजायची नसते, थोडं अंग चोरून राहावं लागतं, सवय होते. मी उत्तम बोललो. मुद्देसूद बोललो. मधे ती दोनदा "बाबा, पण" म्हणाली, तेवढंच.

शेवटी ती म्हणाली, "आई असती तर तिला विचारलं असतं. आता तुम्हीच आहात. तुम्ही म्हणताय तर जाते परत."

ती नवऱ्याच्या घरी परत गेली. मी बाईंना पेढा द्यायला वर गेलो. बाई म्हणाल्या, "ह्या मुक्या जिवांनी करून दाखवलं हो!" मी त्यातलं थोडं श्रेय नकाशालाही दिलं.

इकडे चिंगूचं खाणं कमी झालं होतं. ती फळीच्या कडेकडेनं फिरायची. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, फळीला नाक घासत, पुन्हा उलट. मला वाटलं घराची पाहणी चाललीय. नव्या घरात मीही तसाच फिरतो, भिंती ठोकून बघतो. मग फिरणंही थांबलं. ती आतल्या खोलीत जाऊन बसली आणि ढब्बू दारात बसला. सकाळी दारात, संध्याकाळी दारात. राखण करतोय म्हणून मी त्याला जास्तीची काकडी दिली.

दोन आठवडे झाले तरी चिंगू खाईना, तेव्हा मी तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं नऊ कुत्री आणि एक मांजर आमच्या आधी होतं. डॉक्टरांनी चिंगूला उलटंपालटं केलं, वजन केलं आणि डोकं खाजवलं. "काका, मी कुत्र्यामांजरांचा. कासवाचं मला फारसं कळत नाही. पण मागच्या पायावर चावे आहेत. घरात काही बदल झालाय का?"

"नवीन घर बांधलंय," मी अभिमानानं सांगितलं. खिशात नकाशा होता, तोही दाखवला.

त्यांनी नकाशा सभ्यपणे पाहिला. "चावे कसले हे कुणीतरी जाणकाराला विचारा," म्हणाले. मी विटांचा ओटा खरखरीत असेल असं ठरवलं आणि घरी येऊन तो कानशीनं घासून गुळगुळीत केला. गुडघे टेकून, तीन दिवस. चिंगू आत आणि ढब्बू दारात, दोघं माझ्याकडे बघत होते. निदान ढब्बू बघत होता.

त्याच सुमारास चादरीवाल्या बाईंच्या तक्रारीवरून सेक्रेटरींची नोटीस आली. सोसायटीत प्राणी ठेवायचे तर नोंदणीचा दाखला राहणाऱ्याच्या नावावर हवा. आमच्या दाखल्यावर हिचं नाव. नोटीस हातात घेऊन मी नोंदणी कार्यालयात गेलो. चौतीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो होतो. ह्या बाजूची खुर्ची इतकी बुटकी असते हे मला माहीत नव्हतं.

खिडकीतली मुलगी माझ्या नातीच्या वयाची. नात नाही मला, पण असती तर. "आजोबा, मालकीण कोण?"

मी नाव सांगितलं. आजोबा म्हटल्याचं गिळून टाकलं.

"हस्तांतराला मूळ मालकानं स्वतः हजर राहायला लागतं. त्यांना घेऊन या."

"त्या येऊ शकत नाहीत."

"आजारी असतील तर आमचा माणूस घरी येऊन सही घेतो. आजोबा, फॉर्म क मध्ये तशी सोय आहे."

"आता आजारी नाहीत," मी म्हटलं. माझ्या मागे उभा असलेला एक पोपटवाला माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "ताई, गेल्या असतील त्या." ती मुलगी गोरीमोरी झाली. मी खिडकीवरची सूचना वाचल्यासारखं केलं. सूचना होती, कृपया रांगेत शांतता राखा.

मृत्यूचा दाखला घेऊन मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. तेव्हा जुना अर्ज सापडेना. तिसऱ्या दिवशी सापडला. मुलीनं एक पिवळी पडलेली फाइल उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. "बघा आजोबा, हाच ना? काही बदल असेल तर सांगा."

हिचं अक्षर. गोल, ठसठशीत, प्रत्येक ओळीला शेवटी जरा वर चढणारं. चार महिन्यांत मी तिच्या हातचं काही उघडून पाहिलेलं नव्हतं. मी चष्मा पुसला. वाचलं.

'कासवे दोन. दोन्ही नर. विशेष सूचना: ह्यांना एकत्र ठेवू नये. मोठे धाकट्याला खाऊ देत नाही, अंगावर चढून दाबून बसते, वाट अडवते, पायाला चावते. धाकट्याला ओरडता येत नाही, म्हणून आपणच लक्ष ठेवावे लागते.'

मी ते दोनदा वाचलं. मुलगी म्हणाली, "साक्षीदार म्हणून ही सही तुमचीच ना?"

खाली माझी सही होती. लफ्फेदार, तारखेसकट. सहीच्या वर, ऑफिसातल्या सवयीनं, मी माझ्या हातानं लिहिलं होतं, 'तपासले.'

मला तो दिवस आठवतही नाही. तिनं कागद पुढे केला असेल, काहीतरी सांगितलं असेल. मी पेपर वाचत असेन. माणसांच्या जिन्यांवरचा उजेड मोजणारा मी. बायकोनं लिहिलेल्या पाच ओळी न वाचता त्यावर 'तपासले' लिहून मोकळा झालो होतो.

"आजोबा, पाणी हवंय का?" मुलीनं विचारलं. मी फाइल तशीच टाकून निघालो. रिक्षा मिळेना म्हणून पळालो. माझ्या वयाला ते शोभत नाही, हे रस्त्यात दोघांनी बोलूनही दाखवलं.

गॅलरीत ऊन आलं होतं. ढब्बू दारात. मी त्याला उचलून बाजूला ठेवलं, पहिल्यांदाच जरा जोरात. आत चिंगू उताणं पडलेलं होतं. पाय बाहेर आलेले, मान सैल. मी त्याला सरळ केलं, पाण्यात ठेवलं, छातीशी धरलं, हाका मारल्या. हिच्यासारखी हाक मला येत नाही. चिंगू गेलं होतं.

मी ढब्बूकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, त्याला गॅलरीतून खाली टाकावं असं क्षणभर मनात आलं. पण त्यानं काय केलं होतं? तो कासवासारखा वागला होता. एकुलत्या एका दाराचं घर त्याला मी बांधून दिलं होतं.

बाई खाली आल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "आता ढब्बूही फार दिवस काढायचा नाही हो. जोडीदार गेला की असंच होतं." त्या हे म्हणत होत्या तेव्हा ढब्बू चिंगूच्या वाटची काकडी खात होता. अख्खी संपवली त्यानं. मी बाईंना तिथंच सोडून आत वळलो. मला घाई होती.

चिंगूला मागे मोरीशेजारच्या त्याच्या जुन्या जागी, फडक्यात गुंडाळून ठेवलं. पुरायचं नंतर बघू म्हटलं. आणि मिळेल ती बस पकडली.

दार जावयानं उघडलं. "अरे बाबा! कळवलं नाहीत? या, या." पोर आतल्या खुर्चीवर बसली होती. मी तिला विचारलं, "कशी आहेस?" जावई म्हणाला, "मजेत आहे. थोडा थकवा आहे एवढंच." मी विचारलं, "कामावर जातेस ना?" जावई म्हणाला, "नाही, सध्या नको म्हटलं मी. घरी बरी." मी विचारलं, "चहा घेशील का माझ्याबरोबर बाहेर कुठे?" जावई म्हणाला, "बाहेर कशाला? इथेच करते की ती." पोर एकदाही वर बघत नव्हती. ती परत गेल्यापासून मी तिच्याकडून त्या घराचे इतके फोटो मागवले होते, खिडक्यांचे, पडद्यांचे. ती त्यातल्या एकातही नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"जावईबापू," मी म्हटलं, "मला माझ्या मुलीशी बोलायचंय."

"बोला ना," तो म्हणाला आणि समोर बसला.

मी उठलो, पोरीची चप्पल शोधली, तिच्या पायाशी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा. "चल," म्हटलं. जावई काहीतरी बोलत होता. त्याचं मी ऐकलं नाही. न ऐकण्याची मला दांडगी सवय आहे, तिचा एवढा एक उपयोग झाला.

आम्ही बसथांब्यावरच्या बाकावर बसलो. बराच वेळ ती हातातल्या रुमालाची घडी करत राहिली. मग म्हणाली, "चिंगू गेलं ना?"

"गेलं," मी म्हटलं. "माझ्यामुळे गेलं. तुझ्या आईनं लिहून ठेवलं होतं, मी वाचलं नाही." आणि मला रडू आलं, रस्त्यावर, चार माणसांत. हिला नेलं त्या दिवशीही मी असा रडलो नव्हतो. तेव्हा मी येणाऱ्याजाणाऱ्यांना खुर्च्या देत होतो. पोरीनं रुमाल माझ्या हातात दिला.

"तू मागे फोनवर सांगत होतीस," मी म्हटलं. "श्वास घ्यायला जागा नाही म्हणून. पुन्हा सांग. पहिल्यापासून."

"तुम्ही मधे बोलाल."

"नाही बोलणार."

तिनं माझ्याकडे जरा अविश्वासानं पाहिलं आणि सुरुवात केली. अगदी हळू, थांबत थांबत. एक बस आली आणि गेली. दुसरीही गेली. तिसरीत आम्ही दोघं चढलो. ती काहीही सामान न घेता, घरच्या कपड्यांत. खिडकीशी बसून ती बोलतच होती. दोनतीन ठिकाणी मला फार चांगले मुद्दे सुचले. मी त्यातला एकही मांडला नाही.